अली की टायसन? आधी दोघं कसे हरले ते बघा, मग पैज लावा

ऐरोलीहून एका मुलाने विचारलंय, "सर, माझं आणि दादाचं रोज यावरून वाजतं. दादा म्हणतो टायसन अलीला चार राउंडांत झोपवेल, मी म्हणतो अली जिंकेल, आणि आमचा एक मित्र म्हणतो दोघंही इंग्लंडच्या पावणेसात फुटी फ्युरीपुढे छोटे, आजचे हेवीवेट इतके मोठे आहेत की जुन्यांपैकी कोणी टिकणारच नाही. नक्की काय?"

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे म्हणून उत्तर लांबणार, निवांत वाच. मी वागळे इस्टेटला पोरांना बॉक्सिंग शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं स्वतः खेळलो आणि आता स्पर्धांमधे पॉइंट द्यायलाही बसतो. प्रॅक्टिस संपली की चहाच्या टपरीवर पोरं हाच वाद घालतात आणि मी त्यांना कधी थांबवत नाही, कारण हा वाद नीट घातला तर पोरगं फाईट बघायला शिकतं. नीट न घालता नुसती नावं फेकली तर मात्र दोन तास गेले तरी हाती काही लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अली. पण १९६६-६७ चा अली, आणि तोही पहिले चार राउंड जीव मुठीत धरून. म्हणजे दादाचं चार राउंडांचं म्हणणं हवेतलं नाही, त्याला आधार आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही दोघं भांडताना तारीख ठरवत नाही. कुठला अली आणि कुठला टायसन? माझ्यासाठी अली म्हणजे १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमधे क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडात संपवणारा, २४ वर्षांचा, २१२ पौंडांचा, ज्याचे पाय एका जागी दोन सेकंदही नसायचे. पुढच्या वर्षी त्याने सैन्यभरतीला नकार दिला, त्याची लायसन्सं गेली, किताब गेला आणि मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० तो रिंगबाहेर होता. साडेतीन वर्षं, ऐन उमेदीची. परत आला तो वेगळा बॉक्सर होता, जास्त ताकदवान, जास्त हुशार, मार सोसणारा, पण पाय आता प्रत्येक राउंडला तीन मिनिटं चालत नव्हते. आणि टायसन म्हणजे २७ जून १९८८ ला अटलांटिक सिटीत मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा. त्यानंतर काही महिन्यांत त्याने कोच केविन रूनीला काढलं, आणि तिथून पुढे त्याचं डोकं हलायचं कमी झालं, कॉम्बिनेशनच्या (एकामागून एक सलग ठोसे) जागी एकेक मोठा ठोसा आला. त्यामुळे कोणी मला १९९६ च्या टायसनचं उदाहरण दिलं की मी म्हणतो हा वेगळा माणूस आहे, याची गोष्ट वेगळी करू.

तारीख ठरवली नाही तर काय होतं बघ. लॅरी होम्सने ऑक्टोबर १९८० मधे अलीला मारला, आणि टायसनने जानेवारी १९८८ मधे होम्सला चौथ्या राउंडात मारला. मग लोक साखळी लावतात की टायसन मोठा, होम्स मधे, अली खाली. पण होम्ससमोर उभा असलेला अली ३८ वर्षांचा होता, आणि टायसनसमोर उभा असलेला होम्सही ३८ वर्षांचाच. (१९८० च्या जानेवारीत अली भारतात आला होता, दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार राउंडांची प्रदर्शनीय लढतही केली. कौर सिंगने दोन वर्षांनी दिल्लीच्याच एशियाडमधे हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. अली तेव्हा निवृत्त होता. त्या अलीवरून ६६ चा अली मोजायचा नसतो.) रॉकी मार्सियानोने जुन्या चॅम्पियनला, जो लुईला, हरवलं ना १९५१ मधे, तेव्हा लुई ३७ चा. ही नावं विजयांच्या यादीत छान दिसतात, वादात त्यांना शून्य मार्क द्यायचे.

उलट्या दिशेने मात्र अशा लढती खूप काही सांगतात, म्हणजे म्हातारा जुना माणूस तरुण नव्या माणसासमोर टिकला तर. जॉर्ज फोरमन १९९१ मधे ४२ वर्षांचा असताना होलीफील्डसमोर पूर्ण बारा राउंड उभा राहिला, आणि नोव्हेंबर १९९४ मधे ४५ व्या वर्षी २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडात झोपवून परत चॅम्पियन झाला. लॅरी होम्सने १९९२ मधे ४२ व्या वर्षी रे मर्सरला हरवलं, आणि मर्सर तोवर अपराजित, १९८८ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. सत्तरच्या दशकातली माणसं जर कच्ची असती तर वीस वर्षांनी, पोट सुटलेलं असताना, हे जमलं नसतं. "जुन्यांचा दर्जा कमी होता" म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला हे दोन निकाल दाखव.

दुसरी चूक म्हणजे हिशोब. याने त्याला मारलं, त्याने याला मारलं, म्हणून हा त्याला मारणार. आता हे बघ: फ्रेझरने १९७१ मधे अलीला हरवलं, केन नॉर्टनने १९७३ मधे अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. फोरमनने फ्रेझरला किंग्स्टनमधे दोन राउंडांत सहा वेळा पाडलं, आणि नॉर्टनलाही कराकसमधे दुसऱ्याच राउंडात संपवलं. मग हिशोबाने किन्शासामधे ३० ऑक्टोबर १९७४ ला फोरमनने अलीचा चुरा करायला हवा होता, अलीच्या जवळच्या लोकांनाही तीच धास्ती होती. आठव्या राउंडात फोरमन खाली. कारण फ्रेझर आणि नॉर्टन यांच्याकडे जे होतं ते फोरमनकडे नव्हतं, आणि अलीजवळ जे होतं ते फ्रेझर-नॉर्टनजवळ नव्हतं. बॉक्सिंगमधे ताकद एका रेषेत नसते, कोणाचं हत्यार कोणाच्या भोकात बसतं यावर निकाल लागतो.

म्हणून माझी पद्धत अशी की विजय बाजूला ठेवायचे. जिंकताना सगळेच चॅम्पियन देव दिसतात. प्रत्येकाच्या हरलेल्या, पडलेल्या, अडचणीत आलेल्या फाईट काढायच्या आणि बघायचं की नेमका कुठला ठोसा लागला, पाय कुठे होते, हात कुठे होते. एकच गोष्ट दोनदा-तीनदा दिसली की ते त्याचं भोक. मग एकच प्रश्न: समोरच्याकडे ते हत्यार आहे का, आणि ते वापरायला तो तेवढ्या अंतरावर पोचेल का?

अली घे. करिअरच्या सुरुवातीला १९६२ मधे सनी बँक्सने पहिल्याच राउंडात पाडला, डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा). १९६३ मधे वेंब्लीला हेन्री कूपरने चौथ्या राउंडाच्या शेवटी पाडला, डावा हूक, आणि बेल वाजली म्हणून वाचला. १९७१ मधे पंधराव्या राउंडात फ्रेझरने पाडला, डावा हूक. (१९७५ ला वेपनरसमोर पडला ते मी धरत नाही, तिथे पायावर पाय पडल्याचा वाद आहे.) तीन वेगळी माणसं, नऊ वर्षांचं अंतर, ठोसा तोच. हा योगायोग नाही. अली हात कमरेशी ठेवायचा आणि ठोसा आला की कमरेतून मागे झुकायचा. सरळ ठोशासाठी हे झकास चालतं, ठोसा हनुवटीच्या दोन बोटं अलीकडे संपतो. पण हूक बाजूने वळून येतो आणि मारणारा पुढच्या पायावर उडी घेऊन आला असला तर त्याचा पल्ला वाढलेला असतो.

हे वाचून नाही कळत, करून बघ. दादाला पॅड घेऊन समोर उभा कर. हात खाली सोड, कमरेतून मागे झुक आणि तिथून अजून एक पाऊल मागे टाकायचा प्रयत्न कर. नाही टाकता येत. वजन मागच्या टाचेवर गेलेलं असतं, तो पाय आधी मोकळा करायचा तर परत सरळ व्हावं लागतं, आणि सरळ होताना डोकं पुन्हा ठोशाच्या रस्त्यात येतं. हनुवटी वर, मान ताणलेली, डोळे खालच्या हाताकडे बघू शकत नाहीत. माझ्याकडे उंच पोरं येतात त्यांना पहिल्या महिन्यात सगळ्यांना हीच सवय असते, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवायला मागे झुकायचं, आणि बुटक्या पोराला एकदा आत उडी मारून हूक मारायला सांगितलं की सगळ्यांची सवय एका संध्याकाळी सुटते. अलीची सुटली नाही कारण त्याचे पाय इतके वेगवान होते की दहातल्या नऊ वेळा त्याला झुकायची वेळच यायची नाही.

आता टायसनचा डावा हूक. कूपरपेक्षा वेगवान, आणि कूपरचा हूक दिसायचा तरी, टायसनचा खालून यायचा. डोकं डावीकडे चुकवलं की सगळं वजन डाव्या पायात, गुडघा वाकलेला, आणि तिथून उसळून हूक. आधी एक बरगडीत, मग लगेच वर. पहिल्या चार राउंडांत, दम भरलेला असताना, हा ठोसा अलीला लागणार. मी तर म्हणतो अली एकदा खाली बसेलही. दादाचं इथपर्यंत बरोबर.

पण टायसनचं भोक बघ. तोक्योची ११ फेब्रुवारी १९९० ची फाईट सगळ्यांना माहीत आहे, समोर बस्टर डग्लस, त्याच्यावर सट्ट्यात ४२ ला १ चा भाव, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं, दहाव्या राउंडात टायसन गुडघ्यांवर माउथपीस शोधतोय. लोक म्हणतात त्या रात्री टायसनची तयारीच नव्हती, आणि ते खरंच आहे, त्याच्या कॉर्नरमधल्या मदतनीसांकडे सूज दाबायचं लोखंडसुद्धा नव्हतं, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. पण ते भोक तोक्योत पडलेलं नाही, आधीपासून होतं. जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन १९८६ मधे, बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर १९८७ मधे, चौघंही टायसनसमोर शेवटच्या बेलपर्यंत उभे राहिले. यातला कोणी अली नव्हता. चौघं टायसनपेक्षा उंच, जॅब टाकायचे, आणि तो आत आला की मिठी, म्हणजे त्याला हातांनी धरून ठेवायचं. आणि मिठीत टायसन काय करायचा ते नीट बघ: थांबायचा. हात सोडवून आतल्या आत मारायच्या ऐवजी रेफरी येऊन सोडवेल याची वाट बघायचा. फ्रेझर असं करत नसे, तो मिठीतही डोकं छातीत घुसवून कामाला लागलेला असायचा. दुसरं, टायसनला मागे सरकत मारता येत नव्हतं. त्याचं सगळं तंत्र पुढे जाण्यावर उभं होतं, तो अर्धं पाऊल मागे गेला की ठोशातली धार गेली.

डग्लसकडे ८३ इंचांचा रीच (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) होता, अलीचा ७८, टायसनचा ७१. अलीचे सात इंच जास्त, म्हणजे टायसनला मारायच्या अंतरात यायला प्रत्येक वेळी दोन जॅबच्या खालून जावं लागणार, आणि समोरचा माणूस तोवर तिथे उभा नसणार. डग्लसचे पाय ठीकठाक होते. अलीचे? आणि मिठी म्हणशील तर २८ जानेवारी १९७४ ची फ्रेझरबरोबरची दुसरी फाईट काढून बघ, रात्रभर अलीने एका हाताने फ्रेझरची मान मागून धरून खाली दाबलीय, फ्रेझरची सगळी लयच मोडली त्याने. टायसनला आत आल्यावर हीच वागणूक मिळणार.

आणि पडला तरी अली उठतो, हे टायसनच्या बहुतेक गिऱ्हाइकांत नव्हतं. फ्रेझरचा तो पंधराव्या राउंडातला हूक बघ, पाठीवर आडवा झाला आणि लगेच परत उभा. अर्नी शेव्हर्ससारख्या ठोशाच्या माणसासमोर १९७७ मधे ३५ वर्षांचा असताना पंधरा राउंड पूर्ण केलेत. त्यामुळे माझं चित्र असं: पहिल्या चारपैकी दोन-तीन राउंड टायसनचे, एक नॉकडाऊन. पाचव्या-सहाव्यापासून टायसनच्या डोक्याची हालचाल मंदावते कारण हवेत मारलेले ठोसे सगळ्यात जास्त दमवतात. आठव्यापासून तो एकेका मोठ्या ठोशाच्या शोधात चालत येतो आणि जॅब खातो. दहाव्या-अकराव्यात रेफरी थांबवतो, किंवा अली पॉइंटवर घेतो. १९७४ चा अली असता तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो, तो उभा राहून मार घ्यायला लागला होता.

तुम्ही भावंडं न बोलता गृहीत धरता अशी अजून एक गोष्ट म्हणजे नियम. कोणाच्या नियमांनी खेळायचं? मिठी तोडायला रेफरी लगेच आला तर टायसनचं फावलं, मान धरू दिली तर अलीचं. रिंग १८ फुटी की २० फुटी यानेसुद्धा फरक पडतो, छोट्या रिंगमधे पाय चालवायला जागा उरत नाही. आणि राउंड किती? १९८२ मधे डुक कू किम हा कोरियन बॉक्सर किताबाच्या लढतीनंतर गेला, त्यानंतर एकेका संघटनेने पंधराचे बारा राउंड केले. हे तीन राउंड छोटी गोष्ट वाटते ना? १९४१ मधे बिली कॉन जो लुईच्या पुढे होता आणि तेराव्या राउंडात लुईने त्याला नॉकआऊट केलं. १९५२ मधे वॉलकॉट तिन्ही जजेसच्या कागदावर मार्सियानोच्या पुढे होता आणि तेराव्या राउंडात मार्सियानोचा एकच उजवा लागला. बारा राउंडांचा नियम असता तर त्या रात्री लुई किताब घालवून बसतो, आणि मार्सियानो चॅम्पियन होत नाही, त्याचं ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) पण राहत नाही. आज आपण ज्यांना अजिंक्य वगैरे म्हणतो ते त्या नियमांत अजिंक्य होते.

जुना चॅम्पियन जॅक डेम्प्सी, त्याचं तर अजूनच. १९१९ मधे त्याने विलार्डला पहिल्या राउंडात सात वेळा पाडलं, पण तो पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभा राहायचा, उठला रे उठला की हाणायचा, तेव्हा ते चालायचं. १९२७ मधे शिकागोला टनी पडला तेव्हा नियम बदलला होता, पाडणारा न्यूट्रल कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या रिकाम्या कोपऱ्यात, गेल्याशिवाय मोजणी सुरू होणार नाही, डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच उभा राहिला आणि टनीला जवळजवळ १४ सेकंद मिळाले. टनी जिंकला. एकच माणूस, एकच ठोसा, नियम बदलला आणि निकाल फिरला. म्हणून डेम्प्सीला आजच्या रिंगमधे आणायचं तर त्याला आधी कॉर्नरला जायला शिकवावं लागेल.

आता मित्राचा मुद्दा, आकार. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मार्सियानो ५ फूट साडेदहा इंच, १८५ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ८४ किलो. आजच्या नियमांत २०० पौंडांपर्यंत क्रूझरवेट, म्हणजे तो हेवीवेटच नाही. एवढंच कशाला, डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने २०२० मधे ब्रिजरवेट म्हणून २२४ पौंडांपर्यंतचा नवा गट काढला, त्यात २१२ चा अली आणि २१८ चा टायसन दोघंही बसतात. माणसं मोठी होण्याची कारणं आहेत. क्रूझरवेट गट आल्यावर छोटी माणसं तिकडे गेली, बारा राउंड झाल्यावर जास्त वजन वाहून नेणं परवडायला लागलं, वजनाचा व्यायाम आला जो जुने कोच पोरांना करूच देत नसत, आणि सोव्हिएत संघ गेल्यावर तिकडची उंच, शिकलेली अमॅच्युअर माणसं प्रोफेशनल झाली, क्लिच्को बंधू १९९६ मधे आले ते असेच.

मार्सियानो आणि लेनॉक्स लुईस अशी जोडी कोणी लावली तर मी लुईस म्हणतो आणि फार विचारही करत नाही. ६ फूट ५ इंच, ८४ इंचांचा रीच, साठ पौंड जास्त. मार्सियानो कधी हरला नाही म्हणून त्याचं भोक पराभवात सापडणार नाही, पण वॉलकॉटने पहिल्याच राउंडात त्याला पाडलं होतं, आर्ची मूरनेही दुसऱ्या राउंडात पाडलं, आणि १९५४ मधे एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक असं फाडलं की डॉक्टर थांबवतील या भीतीने मार्सियानोने आठव्या राउंडात घाईघाईने फाईट संपवली. आजचा डॉक्टर तेवढं थांबू देईल असं मला वाटत नाही. त्याचा दम आणि जिद्द याला माझा सलाम आहे, पण हाडं ८४ किलोचीच.

मार्सियानोवरून आठवलं, हा तुमचा वाद एकदा कॉम्प्युटरलाही विचारून झालाय. १९६९ मधे बंदीवर असलेला अली आणि ४५ वर्षांचा निवृत्त मार्सियानो मायामीत एका स्टुडिओत समोरासमोर आले, मार्सियानोने वजन उतरवलं, केसांचा टोप घातला, आणि दोघांनी वेगवेगळे शेवट धरून राउंड शूट केले. कॉम्प्युटरच्या निकालाप्रमाणे अमेरिकेत मार्सियानो तेराव्या राउंडात जिंकलेला दाखवला, युरोपात अली जिंकलेला शेवट दाखवला. मार्सियानोला निकाल बघायलाही मिळाला नाही, शूटिंगनंतर काही आठवड्यांतच ३१ ऑगस्ट १९६९ ला तो विमान अपघातात गेला. मला त्या सगळ्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मशीनला तुम्ही दिलेल्या आकड्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि अली मागे झुकतो तेव्हा त्याच्या टाचेवर वजन असतं हा आकडा कोणी दिलेला नव्हता.

पण आकार सगळं ठरवतो का, तर नाही, आणि याचा पुरावा तुमच्या मित्राच्याच काळातला आहे. १८ मे २०२४, रियाध. फ्युरी ६ फूट ९ इंच, २६२ पौंड. समोर युक्रेनचा उसिक, ६ फूट ३ इंच, २२० च्या जरा वर. उसिक जिंकला. डिसेंबरमधे परत, आता फ्युरी २८१, उसिक २२६, परत उसिक. कसं केलं ते बघण्यासारखं आहे: तो डोक्याच्या मागे लागलाच नाही आधी, पोटावर सरळ डावा, परत पोटावर, फ्युरीचे हात खाली यायला लागले की मग वर. आणि एक सेकंद उभा नाही. डेव्हिड हे नावाच्या ब्रिटिश बॉक्सरने २००९ मधे वाल्युएव्हला हरवलं तेव्हा वजनात जवळपास शंभर पौंडांचा फरक होता. डेम्प्सी-विलार्ड मी पुरावा म्हणून देणार नाही कारण विलार्ड तेव्हा ३७ चा आणि तीन वर्षं न खेळलेला होता. पण उसिक हा पक्का पुरावा आहे, आणि त्याची उंची आणि रीच अलीएवढेच आहेत, ६ फूट ३ आणि ७८ इंच.

माझ्या मते फरक कुठेतरी २१०-२१५ पौंडांपाशी पडतो. तिथून वर असलेला, पाय चालणारा माणूस मोठ्या माणसाला हरवू शकतो, त्याखाली फक्त वजनामुळेच प्रत्येक मिठीत तो दमत जातो. अली-फ्युरी मी ५५-४५ अलीला देतो, जास्त नाही, कारण अली शरीरावर जवळपास मारतच नसे आणि उसिकचा रस्ता शरीरावरून गेला. अलीला ते हत्यार नव्याने शिकावं लागलं असतं.

फोरमन-टायसन हा वाद ठाण्यात जास्त चालतो पण मला सोपा वाटतो. १९७३ च्या फोरमनसमोर जो सरळ आत आला तो दोन राउंडांत गेला. जे टिकले ते हलणारे, धरणारे, अली, जिमी यंग. टायसन चालत येणार. फोरमन खांद्यांना धक्का देऊन अंतर करायचा आणि खालून अपरकट, फ्रेझरला असंच मारलंय. टायसनचे हात जास्त वेगवान आहेत म्हणून दोन नाही, चार राउंड म्हणू. फोरमन.

लुईस हरला तो दोनदा, १९९४ मधे मॅकॉल आणि २००१ मधे रहमान, दोन्ही वेळा एकच उजवा हात. डावा हात आळसाने परत आणायची सवय. मॅकॉलच्या कॉर्नरमधे इमॅन्युएल स्टुअर्ड होता, त्याने ते आधीच हेरलं होतं, आणि लुईसने काय केलं, पुढे त्याच स्टुअर्डला आपला कोच केलं! यावरून कळतं की जाणकार माणूस पराभवाकडे कसा बघतो. तर लुईसला तो उजवा कोण मारू शकतो? जो लुई. इतका छोटा, सरळ, अचूक उजवा हात मी कुठल्याच हेवीवेटचा बघितला नाही. तरी वजनाचा फरक ४५ पौंडांचा, म्हणून पैसे लुईसवरच, पण धडधड होईल.

आणि जाता जाता जो लुईबद्दल, कारण तुमच्या भांडणात त्याचं नावच नाही आणि ते मला खटकलं. २५ वेळा किताब राखला. डिसेंबर १९४० ते जून १९४१ दर महिन्याला एक, सलग सात महिने सात किताबाच्या लढती. आजचा चॅम्पियन वर्षाला दोन खेळला तरी खूप. त्याच्यासमोर मोठी माणसं नव्हती असंही नाही, कार्नेरा साडेसहा फुटांच्या जवळ आणि २६० पौंड, सहाव्या राउंडात संपवला. त्याचं भोकही स्पष्ट आहे. जॅब मारला की डावा हात खाली यायचा, श्मेलिंगने ते फिल्म बघून हेरलं आणि १९३६ मधे वरून उजवा मारत मारत बाराव्या राउंडात त्याला झोपवलं. दोन वर्षांनी लुईने तोच श्मेलिंग १२४ सेकंदांत मोडला.

दादाला टायसनसाठी खरा वाद घालायचा असेल तर अलीऐवजी लुई घ्यायला सांग. कारण १९३९ मधे टोनी गॅलेंटो नावाच्या ५ फूट ९ इंचांच्या, गोल पोटाच्या माणसाने वाकून आत येऊन डाव्या हूकने लुईला तिसऱ्या राउंडात पाडलं होतं. आता जवळपास तीच उंची, तोच हूक, आणि गॅलेंटोच्या दुप्पट वेग. लुई उठला आणि पुढच्याच राउंडात गॅलेंटोला संपवलं, पण गॅलेंटो एक हूक मारून थांबायचा, टायसन पाच मारतो. लुईचे पाय सावकाश, तो अलीसारखा निसटणार नाही, समोर उभा राहून ठोशाला ठोसा देणार, आणि ते टायसनला हवंच आहे. इथे मी टायसन म्हणतो, चौथ्या राउंडाच्या आत. पाचव्यात गेली तर लुई.